वारा बांधण्याचा ठराव

आभाळाकडे बघण्याबद्दल सरकार मला पगार द्यायचं. कुपवाडला आमच्या गल्लीत ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी माझ्या वडिलांना रस्त्यात थांबवून विचारलं, की पोरगी बीएस्सी झाली ती याच्यासाठी का? वडिलांनी सगळं आयुष्य लेथ मशीनपुढे उभं राहून काढलेलं. त्यांच्या कारखान्यात काम सोडून वर बघत बसणाऱ्याचं बोट जायचं. तरीही ते छाती काढून सगळ्यांना सांगायचे, "पोरगी हवामानात हाय." याच्यापुढे त्यांना काही सांगता यायचं नाही, आणि पहिले काही महिने मलाही यायचं नाही.

पहिली नेमणूक पाटणला झाली. तिथे पाऊस मोजायचा म्हणजे भांडं रिकामं करायचं आणि पाठ फिरवेस्तोवर ते पुन्हा भरलेलं बघायचं. चार महिने माझी एक साडी धड वाळली नाही. मग वरच्या ऑफिसला दया आली असावी. त्यांनी मला कडेगावच्याही पूर्वेला, एका कोरड्या तालुक्याच्या गावी टाकलं. तिथे साडी दोरीवर टाकता टाकताच वाळायची. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि आवाजानं खणखणीत आहेत.

गावाबाहेर सरकारी शेतकी फार्म होता. त्याच्या एका कोपऱ्यात तारेचं कुंपण घातलेला तुकडा म्हणजे माझं हवामान केंद्र. आत पाऊस मोजायचं भांडं, थर्मामीटर ठेवलेली झरोक्यांची पांढरी लाकडी पेटी, खोलीच्या भिंतीवर हवेचा दाब मोजायचं यंत्र. बाहेर एका उंच खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि वेग मोजणाऱ्या तीन वाट्या. वारा आला की त्या वाट्या गरगरा फिरायच्या. सकाळ-संध्याकाळ या सगळ्यांची नोंद घ्यायची, आकडे फोनवर वर कळवायचे आणि तिकडून येणारा अंदाज फार्मच्या फाटकातल्या फळ्यावर खडूनं लिहायचा. फोन लागला तर. नाही लागला तर रेडिओला कान लावायचा.

स्पर्धा मोठी होती. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला पावसाचं वाहन दिलेलं असायचं: मेंढा, बेडूक, म्हैस. वर्तमानपत्रं ते पहिल्या पानावर छापायची आणि आमचा अंदाज आतल्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातींच्या खाली. आमच्या आजोबांनी छप्पन साली देव सोडले. देवांबरोबर पंचांगही घरातून गेलं. त्यामुळे पाऊस बेडकावर बसून येतो ही माहिती मला नोकरी लागल्यावर मिळाली. माझं स्वतःचं वाहन म्हणजे एक जुनी मोपेड, आणि तीही उतारावरच बरी चालायची.

एक गिऱ्हाईक मात्र पक्कं होतं. पावसाळा सरत आला की एक धनगर आजी आपल्या लेकासुनांबरोबर मेंढरं घेऊन फार्मच्या पडीक रानात उतरायची. फार्मला खत, मेंढरांना चारा, असा जुना व्यवहार होता. आजीला वाचता येत नव्हतं. फळ्याकडे ती ढुंकूनही बघायची नाही. सरळ कुंपणाशी यायची, खांबाला टेकायची आणि विचारायची, "बाई, वारं काय म्हंतंय?"

तिचं विचारणं शिळोप्याचं नव्हतं. ते दिवस लोकर कातरायचे. कातरलेलं मेंढरू उघडं पडतं. त्यात गार पाऊस आणि वारा एकदम आला, तर ते रात्र काढत नाही. आजीनं तरुणपणी असा एक कळप गेलेला पाहिला होता. तेव्हापासून कुणातरी जाणत्याला विचारल्याशिवाय ती कातर लावू द्यायची नाही. मी दाब बघायचे, वरचा अंदाज बघायचे आणि सांगायचे, "आजी, आठवडाभर काही नाही, कातरा." किंवा, "चार दिवस थांबा." ती थांबायची. माझ्या सगळ्या नोकरीत मी सांगितलं म्हणून कुणी काही केलं असेल, तर ते तिनंच. दरवर्षी तिची मी माहेरच्या माणसासारखी वाट बघायचे.

याच काळात मला एक गोष्ट दिसायला लागली होती. माझ्या आधीच्या लोकांनी बरीच वर्षं न चुकता नोंदी ठेवल्या होत्या. त्या चाळल्या की कळायचं, हिवाळ्यातल्या रात्री पूर्वीइतक्या गार पडेनात. अवकाळी पाऊसही वाढल्यासारखा वाटत होता. पृथ्वी तापतेय ही चर्चा तेव्हा नुकती कुठे आमच्यापर्यंत झिरपत होती. मी हुरळून वर एक टिपण पाठवलं. उत्तर आलं, थर्मामीटर तपासून घ्यावा. तपासला. ठणठणीत होता. मी कळवलं, की थर्मामीटर बरा आहे, बिघाड हवेत आहे. त्यावर काही उत्तर आलं नाही.

त्याऐवजी तपासणीला एक साहेब आले. देशात सगळीकडे खर्चकपातीचे वारे होते, आणि ते मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "या केंद्राचं उत्पन्न काय?"

"आकडे," मी म्हणाले.

"तसं नव्हे हो. उत्पन्न."

मी नोंदवही पुढे केली. साहेबांनी कुंपणातल्या हिरवळीवरून नजर फिरवली आणि खांब थोडा बाजूला घेतला तर ही जागा लग्नकार्याला देता येईल का, अशी चौकशी केली. जाताना चहा पिऊन एवढं मात्र स्पष्ट सांगून गेले, की बंद करायच्या केंद्रांची यादी तयार होते आहे, ज्या केंद्राच्या नोंदीत खंड सापडेल ते आधी जाईल, तेव्हा जपून राहा. मी जपून राहायचं ठरवलं. तापात असतानाही मी कधी नोंद चुकवली नव्हती.

त्या सुमारास लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. लोकांना कारण हवं होतं. कुणाच्या तरी लक्षात आलं, की ढग भरून येतात, खांबावरच्या वाट्या जोरजोरात फिरायला लागतात आणि पाठोपाठ ढग निघून जातात. झालं. वाट्याच ढग पळवतात. कुपवाडकडे रेल्वेचं फाटक बंद झालं की गाडी येते. उद्या कुणी फाटक बंद करून गाडीची वाट बघत बसला, तर त्याला काय सांगायचं? पण तालुक्यात रेल्वे नव्हती. त्यामुळे हे उदाहरण मी दिलं तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही.

पहिल्यांदा ज्वारीवाले आणि मेंढरंवाले मिळून आले. आजीचा थोरला लेकही त्यांच्यात होता, मागे उभा.

"आवं बाई, त्या वाट्या बंद करा की."

"का?"

"ढग पळवत्यात."

मी समजावलं, की वाऱ्यानं वाट्या फिरतात, वाट्यांमुळे वारा येत नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांच्यातला वयस्कर गृहस्थ म्हणाला, "व्हय, पर मी म्हंतो, फिरायचंच कशाला?"

ते गेले, आणि आठ दिवसांत जीपगाडीतून चेअरमनसाहेब आले. ते कशाकशाचे चेअरमन होते हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण तालुक्यातले द्राक्षबागायतदार त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. द्राक्षाला छाटणीनंतर पाऊस म्हणजे विष. घड कुजतात. साहेब खांबाखाली उभे राहून वाट्यांकडे कौतुकानं बघत राहिले.

"बाई, येवढं भारी मशीन तुमच्याकडं हाय, आन् तुमी कुणाला बोलला न्हाई? छाटणी झाली की जरा जोरात सोडत जावा."

"साहेब, ते सोडता येत नाही. वारा असेल तेवढंच फिरतं."

"मग मोटार बसवू की. मोटार आमी देतो."

एका गटाला वाट्या बंद हव्या, दुसऱ्याला जोरात. प्रकरण तहसील कचेरीत गेलं. बैठक भरली, चहा झाला. दोन्ही बाजूंनी तावातावानं भाषणं केली. मलाही बोलू दिलं. मी कागदावर खांब काढला, वाट्या काढल्या, बाणानं वारा दाखवला. तहसीलदार तेवढा वेळ घड्याळाकडे बघत होते. माझं संपल्यावर ते म्हणाले, "मॅडमचं तांत्रिक मत नोंदवून घेतलं आहे." मग त्यांनी तोडगा काढला. पावसाळाभर वाट्या दोरानं बांधून ठेवाव्यात, म्हणजे ढग पांगणार नाहीत. दसऱ्याला त्या सोडाव्यात आणि द्राक्षाच्या हंगामभर मोकळ्या ठेवाव्यात. टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंनी एकमेकांना तंबाखू दिली. माझ्या तांत्रिक मताला ठरावात एवढीच जागा मिळाली, की दोर सुती वापरावा, म्हणजे यंत्राला ओरखडा येणार नाही.

मी वरच्या ऑफिसला फोन केला. फोन, नको तेव्हा लागतो तसा, पहिल्या झटक्यात लागला. पलीकडचे साहेब म्हणाले, स्थानिकांशी वाद नको, गावात भांडण झालं तर केंद्र आजच बंद होईल.

"आणि वाऱ्याच्या नोंदीचं काय करू?"

"जे दिसेल ते लिहा."

फार्मचा शिपाई खांबावर चढला आणि त्यानं गाठ मारली. मी जे दिसलं ते लिहिलं: वाट्या बांधलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशीही तेच. कुपवाडला गेले तेव्हा वडिलांना सांगितलं, तर त्यांनी गाठ कशी मारली ते आधी विचारून घेतलं. मग म्हणाले, "मशीन दोर बांधून कशाला थांबवायचं? स्विच असंल की."

आणि त्या साली पाऊस पडला. तोही असा, की ओढे दुथडी वाहिले, ज्वारीवाल्यांच्या विहिरी काठोकाठ भरल्या. समुद्रावर काय घडलं, कमी दाबाचे पट्टे कसे एकामागून एक आले, हे माझ्याकडे सगळं होतं. विचारायला कुणी आलं नाही. आले ते माझा सत्कार करायला. साडी, खण, नारळ. शिपायाला फेटा, कारण गाठ त्याची होती. मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊस पाडला होता, आणि तो यंत्र बंद ठेवून.

दसऱ्याला वाट्या सोडायचा समारंभ झाला. हलगी आणली होती. पांढऱ्या पेटीला झेंडूचं तोरण लागलं. थर्मामीटरला हळदकुंकू लावायला निघालेल्या बायकांना मी पेटीच्या दारातच अडवलं, त्यावरून थोडी कुजबूज झाली. तहसीलदार आले, चेअरमन आले, नारळ फुटला, शिपाई वर चढला, दोर सुटला. बरोबर त्याच वेळी वाऱ्याची एक झुळूक आली आणि वाट्या अशा काही फिरल्या, की लोकांनी हात जोडले. त्यांच्यात आजीही होती. तिचा कळप त्या वर्षी लवकर उतरला होता.

दिवाळीनंतर काही दिवसांनी दाब उतरायला लागला. एक दिवस जरासा, दुसऱ्या दिवशी चांगलाच. वारा फिरून पूर्वेचा झाला. हवा दमट झाली. वरून फोन आला, की पूर्व किनाऱ्यावर वादळ चढलंय, ते विरत विरत आपल्या बाजूला येतंय, पाऊस आणि गार वारा नक्की. मी मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिलं: येत्या दोन दिवसांत जोरदार पाऊस. बागांची काळजी घ्यावी. मेंढरं कातरू नयेत.

त्याच दोन दिवसांत फार्मच्या मैदानावर द्राक्षबागायतदारांचा मेळावा होता. मंत्री येणार होते. मांडव उभा राहत होता. चेअरमनसाहेब फाटकातून आत आले, त्यांनी फळा वाचला आणि तिथूनच हाक मारली.

"बाई, मंत्री यायला लागल्यात आन् तुमी दारातच असलं अभद्र लिवताय?"

"अभद्र नाही साहेब, अंदाज आहे. तुमच्याच बागांसाठी सांगतेय."

"वाट्या सुटल्यात न्हवं? मग पाऊस कुठनं येतोय?"

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यात शास्त्र थोडं होतं. साहेब निघून गेले. तासाभरानं फार्मच्या व्यवस्थापकांनी शिपायाला ओलं फडकं देऊन पाठवलं. तो बिचारा माझ्याकडे न बघता फळा पुसत होता. मग त्याच फळ्यावर त्यानं रंगीत खडूनं लिहिलं, "मान्यवरांचे हार्दिक स्वागत", आणि खाली दोन कमळं काढली. कमळं सुबक होती.

मी तशीच आजीच्या तळावर गेले. जाताना लांबूनच कातरीचा आवाज ऐकू आला. कातरणारी माणसं आली होती. निम्मा कळप उघडा होऊन उन्हात उभा होता.

"आजी, थांबवा हे. पाऊस येतोय. मोठा."

आजीनं आभाळाकडे बघितलं. ते तेव्हा स्वच्छ होतं. "न्हाई गं बाई. औंदा न्हाई यायचा. वाट्या मोकळ्या हायेत न्हवं?"

"आजी, वाट्यांचा आणि पावसाचा काही संबंध नाही."

"आसं कसं? बांधल्या तर किती पडला, बघितलंस न्हवं तूच?"

हे बघितलेलं कसं खोडायचं? मी बोलत राहिले, आवाज चढला, शेवटी मी ओरडले. कातरणाऱ्यांनी हात थांबवले आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा आजीचा थोरला लेक उठून जवळ आला. अगदी आदरानं बोलला तो. "बाई, तुमी शिकल्याल्या हायसा, खरं हाय. पर मामलेदारबी शिकल्यालाच हाय की. आन् ही मानसं उद्या जात्यात, मग कवा गावायची?"

कातरी पुन्हा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मंत्र्यांचं भाषण रंगात आलं असताना पाऊस आला. मांडव आधी फुगला आणि मग खाली आला. मान्यवर गाड्यांकडे पळाले. फळ्यावरचं हार्दिक स्वागत वाहून गेलं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही, कारण पावसाबरोबर तो पूर्वेचा गार वारा होता आणि तो थांबत नव्हता. मी छत्री घेऊन निघाले, ती दारातच उलटी झाली, आणि ओढ्याला पाणी आल्यानं पलीकडे जाता येईना.

सकाळी गेले. मेंढरं बांधाच्या कडेनं ओळीनं ठेवली होती. लोकर नसलेली मेंढरं मेल्यावर फार लहान दिसतात, हे मला माहीत नव्हतं. वाचलेल्यांतली काही एकमेकांना चिकटून उभी होती, काहींच्या अंगावर घोंगड्या होत्या. घरातल्या सगळ्यांनी आपापल्या अंगावरच्या घोंगड्या काढून मेंढरांना घातल्या होत्या आणि स्वतः भिजत बसून रात्र काढली होती. आजी एका कोकराला पदराखाली धरून बसली होती. ते कधीच गेलेलं होतं. मी तिच्या शेजारी चिखलात बसले आणि रडले. तिनं मला गप्प केलं नाही आणि उठही म्हणाली नाही.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. हवामान केंद्रानं वेळेवर इशारा दिला नाही, अशी बागायतदारांची तक्रार वर गेली. शिवाय वाट्या नीट सोडल्या गेल्या नव्हत्या, असंही त्यात होतं. वरच्या ऑफिसनं तक्रारीची गंभीर दखल घेऊन माझ्या नोंदी मागवल्या. त्यांना दिसलं, की पावसाळ्याचे चार महिने वाऱ्याची नोंदच नाही. नोंदीत खंड. केंद्र बंद करण्यात यावं. दोर सरकारनं बांधायला लावला, सरकारनं सोडला, आणि खंड माझ्या नावावर पडला. दुसऱ्या बाजूनं विचार केला तर ऑफिसचं काही चुकलं नव्हतं. मी जे दिसेल ते लिहिलं होतं.

सामान न्यायला टेम्पो आला. पांढरी पेटी आडवी घातली, भांडं पोत्यात गुंडाळलं, खांब उतरवला. कुंपण फार्मकडेच राहणार होतं, लग्नकार्याला. मी किल्ल्या देत होते तेवढ्यात आजी आली. राहिलेली मेंढरं घेऊन ते सगळे दुसऱ्या रानाकडे निघाले होते. लेक पुढे गेला होता.

मी काही शांत बाई नाही. इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंडातून निघालंच. "आजी, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलंस की," ती म्हणाली. "खरंबी सांगितलंस. पर तू एकलीच सांगत व्हतीस, बाई. दोर सोडाय समदी आलती. मामलेदार आलता, चेरमन आलता, नारळ फुटला. येवढी मानसं मिळून खोटं कशाला करतील?"

मी हातातल्या किल्ल्या पुन्हा मोजल्या.

आजी टेम्पोकडे बघत होती. शिपाई शेवटची दोरी आवळत होता. "आता पुढल्या साली कातर कवा लावायची?" तिनं विचारलं. "कुणाला इचारू?"

माझा सगळा राग जिभेवर आला. "चेअरमनसाहेबांना विचारा," मी म्हणाले. "आता आभाळाचं सगळं तेच बघतात. त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही."

मला वाटलं ती चिडेल, निदान हसेल तरी. तिनं गंभीरपणे मान हलवली. "बरं," म्हणाली. मग काठी सावरून, त्यांचा बंगला गावाच्या कुठल्या अंगाला आहे आणि सकाळी किती वाजता गेलं तर ते भेटतात, हे तिनं माझ्याकडून नीट विचारून घेतलं.